साडेबारा वर्षांची चूक : सुहूर सन, जोडलेले तक्ते आणि सावर्ड्याजवळचा एक मोडी कागद

आजच्या धाग्याचा आरंभ एका दुरुस्तीने करते. मागील मालिकेत सावर्ड्याजवळच्या एका वाडीतील देवळाच्या दिवाबत्तीसंबंधीचा मोडी कागद मी तुमच्यासमोर ठेवला होता आणि त्याची तारीख ११ एप्रिल १७४८ अशी दिली होती. ती तारीख चुकीची आहे. तो कागद नोव्हेंबर १७६० मधला आहे. चूक माझी आहे. ती कशी झाली हे सांगताना दख्खनच्या कालगणनेतील एक विलक्षण गोष्ट सांगावी लागेल आणि माझ्या लॅपटॉपवर रात्रंदिवस चालणाऱ्या एका आज्ञाधारक यंत्रणेचीही.

ही यंत्रणा मी का उभारली, ते आधी सांगते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले आणि ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. २००५ च्या पुरातून सावरलेल्या संस्थेवर हा दुसरा आघात होता. सावर्डे चिपळूणपासून फार लांब नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी ज्याच्या त्याच्या तोंडी भांडी, गाद्या आणि दुकानांतला माल होता. मला मात्र माळ्यांवरचे पेटारे दिसत होते. कोकणातल्या घराघरांत असे पेटारे आहेत. त्यांत खोतीचे हिशेब, वाटण्यांचे कागद, देवस्थानाच्या नेमणुका, कर्जरोखे असे काय काय असते. मोडी वाचता येणारी शेवटची पिढी गेल्यानंतर ते कुणी उघडलेले नसतात, आणि जुने म्हणून कुणी टाकलेलेही नसतात. पदव्युत्तर अभ्यासासाठी मोडी शिकले तेव्हा ठरवले की सुट्टीत गावी आले की या कागदांची छायाचित्रे काढायची, लिप्यंतर करायचे आणि सगळे एका तक्त्यात मांडायचे.

पहिल्या दोन महिन्यांतच ध्यानात आले की वाचनापेक्षा वाहतुकीतच माझा वेळ जातो आहे. छायाचित्र फोनमधून काढून ड्राइव्हवर टाकायचे, त्याला क्रमांक द्यायचा, तक्त्यात ओळ करायची, लिप्यंतर चिकटवायचे, तारीख इसवीत आणायची, ती कालपटावर टाकायची, मग ज्यांचा कागद त्यांच्यासाठी पीडीएफ करून पाठवायची. कागद एक आणि टप्पे सात. अशा कामासाठी हल्ली वेगवेगळ्या ॲप्सना एकमेकांशी जोडून देणारी सॉफ्टवेअरे मिळतात. झॅपियर हे त्यांतले जुने नाव, २०११ चे. मी वापरते ते एन-एट-एन, २०१९ मध्ये बर्लिनच्या यान ओबरहाउझर यांनी आणलेले, जे स्वतःच्या संगणकावर बसवता येते आणि ज्यासाठी विद्यार्थ्याच्या खिशाला दरमहा भुर्दंड पडत नाही.

याची कल्पना साधी आहे. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि त्यांना रेघांनी जोडायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे एक नोड, एक काम. पहिला नोड वाट पाहत बसतो. ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमध्ये नवी फाइल आली की तो जागा होतो. त्याला ट्रिगर म्हणतात. तो पुढच्याला माहिती देतो, पुढचा तक्त्यात ओळ लिहितो, त्यापुढचा लिप्यंतरातील मितीचा भाग वेगळा काढतो, आणखी एक तो भाग आंतरजालावरच्या तारीख बदलून देणाऱ्या सेवेकडे पाठवतो आणि उत्तर परत आणून कोठ्यात भरतो. दोन अनोळखी ॲप्स ज्या ठरलेल्या भाषेत परस्परांशी बोलतात तिला एपीआय म्हणायचे. मला ही सगळी मांडणी पहिल्यांदा चाललेली दिसली तेव्हा खरोखर आनंद झाला. सावर्ड्यात पावसाळ्यात वीज जाते, ती परत आली की यंत्रणा आपोआप पुन्हा उभी राहायची आणि राहिलेले कागद ओढून घ्यायची. मी झोपेत असताना अठराव्या शतकाची क्रमवारी लागत होती.

आता त्या कागदाकडे. त्यावरची मिती अशी आहे : छ १२ रबिलाखर, सन इहिदे सितैन मया व अलफ.

धाग्याच्या जुन्या वाचकांना हे शब्द ओळखीचे आहेत, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातील तिथी. रबिलाखर हा त्या वर्षाचा चौथा महिना. पुढचे शब्द म्हणजे अरबी संख्यावाचकांचे मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेले रूप. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज केली की ११६१. इथवर माझ्या यंत्रणेने काहीही चूक केली नाही. शब्दांची यादी मीच तिला दिली होती आणि तिने बेरीज बिनचूक केली. मग तिने तारीख, महिना आणि ११६१ हे तिन्ही आकडे हिजरीची इसवी करून देणाऱ्या सेवेकडे पाठवले. उत्तर आले, ११ एप्रिल १७४८. तेही बिनचूक होते. हिजरी ११६१ च्या रबिलाखराची बारावी तारीख १७४८ च्या एप्रिलातच पडते.

घोटाळा एवढाच की ११६१ हा हिजरी सन नाही. तो सुहूर सन आहे.

इथे जरा थांबू, कारण महाराष्ट्राच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून उपयोगी दुसरी गोष्ट क्वचितच असेल. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, साधारण ३५४ दिवसांचे. ते सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी आखूड, म्हणून त्याचे महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात. धर्मकार्याला त्याची अडचण नाही. पण सारा वसूल करायचा तो पिकावर, आणि पीक काही चंद्राकडे पाहून तयार होत नाही. यावर दख्खनमध्ये तोडगा निघाला तो सुहूर सनाचा. याचा आरंभ १३४४ साली, मुहम्मद तुघलकाच्या काळात, झाला असे मानतात. त्या वेळी हिजरी ७४५ चालू होते. तोच आकडा उचलला आणि तेथून पुढे वर्ष मोजायचे ते सौर, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे वर्ष. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा कोकणातला शेतकरी आकाशाकडे पाहत उभा असतो. म्हणून याला मृगसालही म्हणत. महिन्यांची नावे मात्र हिजरीचीच ठेवली आणि ते महिने चालतात चंद्राप्रमाणेच.

एकाच ओळीत दोन घड्याळे आहेत, हे लक्षात घ्या. तारीख आणि महिना चंद्राच्या घड्याळावर, वर्ष सूर्याच्या. हिजरीचे घड्याळ पुढे पळते, सुहूर आपल्या चालीने चालते, आणि दोन्हींतले अंतर शतकागणिक वाढत जाते. १३४४ मध्ये अंतर शून्य. शाहजहानने १६३६ मध्ये दख्खनमध्ये फसली सन लागू केला तेव्हा हिजरी १०४६ होते आणि सुहूर १०३७, अंतर नऊ. शाहजहानच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा तीच युक्ती केली, चालू हिजरीचा आकडा धरला आणि पुढे सौर मोजणी केली. म्हणून फसली आणि सुहूर यांच्यात आजतागायत नऊचेच अंतर राहिले. तुघलकाच्या काळी थिजवलेला आकडा आणि शाहजहानच्या काळी थिजवलेला आकडा, या दोहोंमध्ये तीन शतकांच्या चंद्राची घसरण साठलेली आहे. मला स्वतःला हा ‘नऊ’ फार आवडतो. एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ राहावी तसा तो आहे.

पानिपतच्या संग्रामाचे उदाहरण घ्या. इसवीप्रमाणे १४ जानेवारी १७६१. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. हिजरी ११७४, महिना जमादिलाखर. फसली ११७०. राज्याभिषेक शक ८७. आणि सुहूर ११६१, म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ. आमच्या देवळाच्या कागदावर आहे तेच वर्ष!

इसवी काढायची रीत : सुहूरमध्ये मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फसलीत अनुक्रमे ५९० आणि ५९१. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८, नंतर ७९. पण एवढ्याने फक्त वर्ष कळते. दिवस हवा असेल तर त्या सुहूर वर्षाच्या पोटात संबंधित चांद्र महिना कोणत्या हिजरी वर्षातला पडतो ते पाहावे लागते. सुहूर ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. त्यात येणारा रबिलाखर हिजरी ११७४ चा, तो सुरू होतो १० नोव्हेंबर १७६० च्या आसपास. म्हणून आमचा कागद २१ नोव्हेंबर १७६० चा. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे.

यातही एक मौज आहे. सुहूर वर्ष ३६५ दिवसांचे आणि चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून प्रत्येक सुहूर वर्षात सुमारे दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. याच ११६१ मध्ये शव्वालचे अखेरचे दहा दिवस आरंभी एकदा येतात आणि शेवटी पुन्हा एकदा. अशा तारखेचा कागद हाती आला तर वार, तिथी किंवा मजकूर यांवाचून निर्णय करता येत नाही. म्हणून आपले जुने संशोधक जंत्री उशाशी घेऊन झोपत. पेशवाईच्या वर्षांसाठी बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री, शिवकाळासाठी ग. स. खरे यांची. विभागाच्या ग्रंथालयात मोडकांची प्रत आहे, पाने पिवळी पडून कडेने तुटू लागली आहेत. मी ती पाहिली होती. यंत्रणा उभारताना मात्र ती उघडली नाही, कारण एपीआय हाताशी होता आणि जंत्री पुण्यात.

आता, ही चूक सापडली कशी? मी नाही शोधली. याच धाग्याच्या एका वाचकाने विचारले, “१७४८ साली चिपळूण-गुहागरचा मुलूख पेशव्यांकडे होता का?” प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर मला पाठ होते. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी अंजनवेल आणि गोवळकोट सिद्दीकडून घेतले. पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजींचा पाडाव केला तो १७५५-५६ मध्ये. सुवर्णदुर्ग एप्रिल १७५५ मध्ये पडला, विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये. म्हणजे १७४८ साली पेशव्यांच्या सुभेदाराने या भागातल्या देवळाची नेमणूक पुढे चालवण्याची ताकीद द्यावी, हे बसत नाही. कागदात पंतप्रधानांचा उल्लेख स्पष्ट आहे. मी तो स्वतःच्या हाताने लिप्यंतरित केला होता. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर एका वाक्यात निकाल दिला असता. पण तक्त्यातील कोठ्यात १७४८ हा आकडा आधीच बसलेला होता, कोठा हिरवा झालेला होता, आणि हिरव्या कोठ्यावर मी संशय घेतला नाही.

तेरा हिजरी वर्षांचा फरक सौर मापाने साडेबारा वर्षांचा होतो. हा फरक मोठा फसवा आहे. शंभर वर्षांची चूक असती तर डोळ्यांत खुपली असती. १७४८ आणि १७६० दोन्हीकडे पेशवे नानासाहेबच. फक्त १७४८ मध्ये शाहू महाराज साताऱ्यात हयात होते आणि १७६० मध्ये त्यांना जाऊन अकरा वर्षे होत आली होती. (जाता जाता आणखी एक सापळा. मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरात सप्टेंबर १७५२ पर्यंतच्या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत, आजच्या इसवीपेक्षा अकरा दिवस मागे. मराठी आणि इंग्रजी कागद जोडून पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.)

तक्ता दुरुस्त करायला बसले तेव्हा कळले की आकडा एका जागी नाही. तक्त्यात होता, तिथून कालपटावर गेला होता, कालपटावरून या धाग्यासाठीच्या चित्रात, तक्त्यातूनच पीडीएफमध्ये, आणि पीडीएफ कागदाच्या मालकांच्या फोनवर. शिवाय त्याच नोडमधून गेलेल्या आणखी ४३ कागदांवर अशीच हिजरी तारीख बसली होती. मी एकदा चुकले होते. यंत्रणेने ती चूक इमानेइतबारे सर्वत्र पोहोचवली होती.

त्या रात्री मला पेशव्यांच्या हुजूर दप्तराची आठवण झाली. अठराव्या शतकातली मराठी राज्यव्यवस्था म्हणजे कागद एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याची प्रचंड मांडणी होती. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. फडणिसाच्या देखरेखीखालचे चालते दप्तर आणि पुण्यास कायम असणारे एकबेरीज दप्तर हे तिचे दोन मुख्य भाग. ठिकठिकाणचे हिशेब एकबेरजेत यायचे, तिथे वर्गवारी व्हायची, त्यांवरून तर्जुमे तयार व्हायचे, म्हणजे जमा, खर्च आणि शिल्लक यांचे गोषवारे. आणि खतावण्या, म्हणजे बाबवार नोंदी. रोजच्या घडामोडी रोजकीर्दीत उतरायच्या. गणेश चिमणाजी वाड यांनी पुढे याच रोजकीर्दींतून निवड केली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर निबंध वाचला. आज पुणे पुरालेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले कागद आहेत ते मुख्यतः या व्यवस्थेचे अवशेष. स्रोत अनेक, वाटा ठरलेल्या, शेवटी एकच बेरीज. नाना फडणीस आज असते तर त्यांनी नोड आणि रेघा पाहून फारसे आश्चर्य केले नसते.

एक फरक मात्र त्यांच्या लगेच नजरेत आला असता. त्या व्यवस्थेत कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना खूण सोडून जायचा. आलेल्या पत्रावर पैवस्तीची, म्हणजे पोहोचल्याची, तारीख पडायची. सनदेवर रुजू, बार, मोर्तब असे शेरे असायचे. रुजू म्हणजे कुणीतरी ताडून पाहिले, बार म्हणजे नोंद झाली. चुका तेव्हाही होत, आणि मुद्दाम केलेल्या लबाड्याही होत. मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देत नाही. पण चूक कोणत्या टेबलावर झाली हे शोधता येत असे. माझ्या यंत्रणेत दहा टप्पे होते आणि एकाही टप्प्यावर ‘रुजू’ नव्हते.

आता कठीण भाग. कागद ज्यांच्या घरचा, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. मी दिलेल्या पीडीएफवरून त्यांनी देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमंत्रणपत्रिकेत ‘शाहू महाराजांच्या काळापासून, इ. स. १७४८’ असे छापून घेतले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. संगमरवरी पाटीही कोरायला दिली होती. एवढेच असते तर लाज वाटून प्रकरण मिटले असते. पण कोकणातल्या वाचकांना शिमग्यातली पालखी आणि तिचे मानपान सांगायला नकोत. वाडीतल्या दुसऱ्या एका घरात शके १६७९ चा, म्हणजे १७५७-५८ चा, कागद आहे. पहिला मान कुणाचा यावर दोन घरांत जुनी कुरबुर. माझ्या १७४८ ने अण्णांचे पारडे जड केले होते. १७६० ते हलके करत होते. आणि दुसऱ्या घरातले लोक गेले वर्षभर माझ्याशी जरा तुटकच बोलत होते, त्याचे कारण मला आता समजले.

भर पावसात अण्णांकडे गेले. पडवीत बसून सगळे सांगितले, चंद्राचे घड्याळ, सूर्याचे घड्याळ, मृग. मृगाचे त्यांना लगेच पटले. “म्हणजे पेरणीपासनं वर्ष,” ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहिले.

“बाय, कागद तोच ना?”

“तोच, अण्णा. कागद खराच आहे. तारीख मी चुकीची लावली.”

“आणि ती छापली मी.”

यावर मला काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने मी त्यांना सांगितले, हा कागद लिहिला गेला त्या दिवशी भाऊसाहेबांची फौज पानिपतावर अब्दालीसमोर ठाकली होती. पंधरवड्यानंतर, ७ डिसेंबरला, बळवंतराव मेहेंदळे पडले. इकडे कोकणात सुभेदाराचा कारकून देवळाला तेल-भात किती द्यायचे ते लिहीत होता. माझ्या मते १७४८ पेक्षा ही तारीख अधिक मोलाची आहे. अण्णांनी ऐकून घेतले. पण पानिपतामुळे पालखीचा मान ठरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला पहिल्याच वाचनात दाखवता आली असती. कागद नेमणूक नवी देत नाही, पूर्वीपासून चालत आलेली पुढे चालवायला सांगतो. म्हणजे १७६० ही तारीख आरंभाची नाहीच. शके १६७९ चा कागद मी अजून पाहिलेला नाही. तोही तशाच प्रकारचा असेल, तर दोन्ही कागदांवरून पहिला कोण हे ठरणार नाही. अण्णा म्हणाले, “ते तू दोघांना सांग. मला एकट्याला सांगून काय?” त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी गेले. तिथे चहा मिळाला, कागद नाही. “बघू,” म्हणाले.

दोन्ही घरांना मी एकच लेखी टिपण दिले आहे. त्यात मितीची मूळ ओळ जशीच्या तशी, तिचे वाचन, सुहूर, हिजरी आणि इसवी, आणि ११ एप्रिल १७४८ ही माझी आधीची चूक, खोडून नव्हे, तर चूक म्हणून नोंदवून. पाटीचे काम अण्णांनी थांबवले आहे. पत्रिका परत घेता येत नाहीत.

यंत्रणा मी मोडली नाही. ४३ कागदांतले ३१ जंत्रीशी ताडून झाले. त्यांतले चार खरोखरच हिजरी वर्षाचे निघाले, म्हणजे ‘शब्दांत लिहिलेला सन तो सुहूर’ असा सरसकट नियम यंत्राला दिला असता तर ते चार बिघडले असते. तारखेचा नोड आता एक उत्तर देत नाही. तो हिजरी धरून एक आणि सुहूर धरून एक अशा दोन तारखा मांडतो, दोनदा येणारी तारीख असेल तर तिसरीही, आणि थांबतो. पुढचा टप्पा मी हाताने मान्यता दिल्याशिवाय उघडत नाही. अशी थांबण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. मीच ती वेळ खाते म्हणून वगळली होती. तक्त्यात एक नवे कोठे केले आहे, त्याचे नाव ‘रुजू’. त्यात कुणी, कधी आणि कशावरून ताडले ते लिहायचे. कालपट आणि पीडीएफ आता स्वतःची प्रत ठेवत नाहीत, दर वेळी मूळ ओळीतूनच तारीख उचलतात, म्हणजे दुरुस्ती एका जागी केली की पुरते.

आज रात्री बारा कागदांसमोरचे ‘रुजू’ रिकामे आहे. त्यांतल्या तिघांवर शव्वालची अखेर आहे, आणि मोडकांची जंत्री पाहायला मला सोमवारी सावर्ड्याहून पुण्याला जायचे आहे.